फिक्सी, पण पिशवी कुठं अडकवायची?

ज्या सायकलला गिअर नाहीत, फ्रीव्हील नाही, मडगार्ड, कॅरियर आणि स्टँड शक्यतो नाहीत आणि घंटी लावणं कमीपणाचं समजतात, तिचे सुटे भाग निवडायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. एकवीस गिअरची सायकल घ्यायला माणूस दुकानात जातो, टायर दाबून बघतो, घासाघीस करतो आणि संध्याकाळी चालवत घरी येतो. सायकलवर मुळात चारच गोष्टी ठेवायच्या असं ठरलं, की त्या चारही एकमेकींशी अबोला धरतात. आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत सध्या हा अबोला जोरात आहे आणि त्याचं मुख्य ठाणं आमच्याच घराची पडवी आहे.

पुतण्या बेंगळुरूच्या एका कंपनीत कामाला आहे, पण राहतो इथंच. दिवसभर कानाला यंत्र लावून अमेरिकेशी बोलतो आणि संध्याकाळी त्याला व्यायामाची आठवण होते. व्यायामासाठी काँग्रेस रोडवर चालायला जाणं हा आमच्या पिढीचा मार्ग. त्याला फिक्सी हवी.

फिक्सी म्हणजे मागचं दातेरी चाक हबला कायमचं घट्ट बसवलेली सायकल. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरतंय तोवर पाय. उतारावर पाय स्वस्थ ठेवून वाऱ्याला छाती देणं, हे जे सायकलचं निम्मं सुख, ते तिच्यात नाही. वेलोड्रोमवरच्या शर्यतीच्या सायकली अशाच असतात, आणि त्यांना ब्रेकही नसतात. पुण्याच्या बालेवाडीत १९९४च्या राष्ट्रीय खेळांसाठी असा वेलोड्रोम बांधला. न्यूयॉर्कमध्ये टपाल पोचवणाऱ्या पोरांनी ही सायकल रस्त्यावर आणली, तिथून ती जगभरच्या तरुणांत शिरली आणि शेवटी आमच्या पडवीत आली.

"काका, हे एकदम नवीन आहे," असं त्याने मला सांगितलं.

इथं मला बोलावंच लागलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. ते स्वतः मुंबईत नोकरीला. तिथून सायकली पाठवायचे आणि इथं त्यांचे बंधू रामुअण्णा त्या विकायचे, वर गिऱ्हाइकाला चालवायला शिकवायचे आणि शिकवण्याची फी वेगळी घ्यायचे. फ्रीव्हील सायकलीवर सर्रास दिसायला लागलं ते एकोणिसावं शतक सरता सरता. म्हणजे त्या काळात बेळगावात जी पहिली सायकल आली ती फिक्सीच होती, आणि जे कोणी वकील-मामलेदार रामुअण्णांकडे फी भरून शिकले ते सगळे फिक्सीवरच पडले. उतार लागला की पाय पायडलवरून उचलून पुढच्या चिमट्यावरच्या खुंट्यांवर ठेवायचे आणि पायडल आपलं आपण गरागरा फिरू द्यायचं, अशी तेव्हाची पद्धत. किर्लोस्कर पुढे सायकलींवरून कडबा कापायच्या यंत्रावर आणि लोखंडी नांगरावर गेले. नव्या वसाहतीसाठी नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली, तेव्हा १९१०मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर बिऱ्हाड हलवून त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. बेळगावात त्यांच्या नावाचा रस्ता उरला. त्या रस्त्यावर आज सायकल लावायलाही जागा मिळत नाही. पण मुद्दा असा, की त्या गिऱ्हाइकांना कुणी विचारलं नव्हतं, हँडल कुठलं हवं आणि चेनव्हील किती दात्यांचं.

पुतण्याने हा इतिहास नीट ऐकून घेतला आणि विचारलं, "म्हणजे माळ्यावरची पणजोबांची रॅले पण फिक्सी होते का?"

ही रॅले स्वातंत्र्याच्या आधीची, नॉटिंगहॅमहून आलेली. काळा रंग, सोनेरी रेघा, रॉडचे ब्रेक, चामड्याचं सीट आणि चेनव्हीलमध्ये कोरलेली तीन बगळ्यांची डोकी. आजोबा तिच्यावरून पँटला क्लिप लावून कचेरीत जात. कुणी तिला हात लावलेला त्यांना खपत नसे. ते गेल्यावर ती माळ्यावर गेली, तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं. ती आता खाली उतरली आणि मापांचा सोहळा सुरू झाला.

माप जुळलं नाही की काय होतं, हे बेळगावकराला निराळं शिकवावं लागत नाही. ते मिरज जंक्शनने शिकवलं आहे. एके काळी तिथं रुळांची तिन्ही मापं नांदत: पुण्याकडे ब्रॉडगेज, आमच्याकडे मीटरगेज आणि पंढरपूरकडे नॅरोगेज. १६७६ मिलिमीटर, १००० मिलिमीटर आणि ७६२ मिलिमीटर. पुण्याला निघालेला बेळगावकर मध्यरात्री मिरजेला उतरायचा, वळकटी डोक्यावर, कुंद्याचा डबा काखेत आणि पोरगं हमालाच्या हातात देऊन पलीकडच्या गाडीकडे पळायचा. नव्वदच्या दशकात आमची लाइन ब्रॉडगेज झाली आणि ती पळापळ संपली, असं आम्ही समजत होतो. ती पडवीत शिल्लक होती.

पहिली वाटी. सायकलच्या पोटात, जिथं दोन्ही क्रँक एकत्र येतात तिथं, छर्रे बसवायला दोन वाट्या असतात आणि त्या आट्यांनी पिळून बसतात. एका इंचात २४ आटे हे इंग्लिश माप, आणि ते जगातल्या बहुतेक सायकलींना चालतं. इटलीवाल्यांनीही २४च आटे धरले, पण वाटीचा व्यास निराळा ठेवला. शिवाय इंग्लिश मापात उजवी वाटी उलट्या आट्यांची असते, म्हणजे पायडल मारून ती सुटत नाही. इटालियन मापात दोन्ही वाट्या सुलट, त्यामुळे उजवी अधूनमधून आपली आपण सैल होते आणि इटालियन लोक त्यावर बोलत नाहीत. एवढ्यावर भागलं असतं. पण खुद्द इंग्लंडमधल्या रॅले कंपनीने ठरवलं की आमचे आटे इंचाला २६. का? कारण आम्ही रॅले. एका राज्यात राहून दुसऱ्याचं माप पाळायला नकार द्यायचा, हा बाणेदारपणा या भागात तरी सगळ्यांना समजेल.

पुतण्याने एका ऑनलाइन दुकानातून सीलबंद बेअरिंगचा नवा संच आधीच मागवून ठेवला होता. चोवीसचा. तो दीड आटा आत गेला आणि थांबला.

त्याने हार मानली नाही. क्रँकच बदलू, म्हणाला. आता क्रँक ज्या चौकोनी दांड्यावर बसतो त्या दांड्याचीही दोन घराणी आहेत: जपानी आणि युरोपी. दोघांचा उतार दोन अंशांचाच. फरक फक्त टोकाच्या जाडीत, तोही मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजण्याएवढा. पण तेवढ्याने क्रँक चार-पाच मिलिमीटर आत किंवा बाहेर बसतो, आणि मग चेन सरळ रेषेत न धावता तिरपी धावते. गिअरच्या सायकलीला तिरप्या चेनची सवय असते. फिक्सीला ती चालत नाही. ती कुरकुरते आणि एखाद्या दिवशी दात सोडते. हा वाद सीमाप्रश्नाच्या महाजन आयोगाकडे दिला असता तर त्यांनी दांडा एकीकडे आणि क्रँक दुसरीकडे दिला असता, आणि एका बाजूने अहवाल फेटाळला असता, तर दुसरीने तोच शेवटचा शब्द धरला असता.

पुढे चेनव्हील. ते क्रँकला पाच बोल्टांनी धरलेलं असतं आणि बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास ट्रॅकच्या सायकलीला १४४ मिलिमीटर, रस्त्याच्या सायकलीला बहुतेक १३०, काहींना ११०. बगळ्यांच्या चेनव्हीलला बोल्टच नाहीत. ते क्रँकसकट एकच. मग चेन. फिक्सीची चेन इंचाच्या आठव्या भागाची, गिअरवाल्या सायकलींची त्याहून अरुंद, ३/३२ इंचाची. रुंद चेन अरुंद दात्यावर चालते, जरा खडखडते एवढंच. अरुंद चेन रुंद दात्यावर बसतच नाही. रॅलेची चेन मात्र आठव्या भागाचीच निघाली. पडवीत जुळलेली ती पहिली गोष्ट. वहिनींनी लगेच चहा टाकला.

मागचा हब हा यातला खरा खलनायक. आधीचं फ्रीव्हील ज्या आट्यांवर बसतं त्याच आट्यांवर फिक्सचा दाता बसतो, माप एकच. म्हणून पोरांना वाटतं, फ्री काढलं, दाता पिळला, झालं. पण फिक्सीत माणूस वेग कमी करायला पाय मागे रेटतो, आणि मागे रेटलं की तो दाता सुटायच्या दिशेने फिरतो. म्हणून खऱ्या ट्रॅकच्या हबला बाहेरून आणखी एक रिंग लागते, उलट्या आट्यांची. दाता सुटू पाहतो आणि रिंग आणखी आवळली जाते. ही युक्ती ज्याने काढली त्याला मी मानतो. आमच्या हबला मात्र ते उलटे आटे नव्हते.

मग ट्रॅकचा हब आणू. तो १२० मिलिमीटर रुंद, रॅलेच्या मागच्या चिमट्यात जागा जेमतेम ११०. लोखंडी फ्रेम असल्याने ती ओढून रुंद करता येते, हे खरं. पण जुन्या इंग्लिश सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०, आणि नवे हब मिळतात ३२ किंवा ३६ भोकांचे. म्हणजे रिमही नवीन. नवीन रिम सातशे सीची, तिचा व्यास ६२२ मिलिमीटर. जुनी अठ्ठावीस इंची रिम ६३५. तेरा मिलिमीटर लहान रिम घातली की रॉडचे ब्रेक तिच्यापर्यंत पोचत नाहीत; शिवाय ते रिमला आतून, खालून वर घासतात, आणि त्यासाठी रिमची घडणही वेगळी लागते. म्हणजे ब्रेक नवे. नवे ब्रेक केबलचे, ते बसवायला चिमट्यात भोक नाही. म्हणजे चिमटा नवा. एक दाता बदलायला निघालेला माणूस अशा रीतीने नव्या सायकलच्या किमतीपाशी येऊन उभा राहतो, आणि हातात अजून फक्त दाताच असतो.

शेवटी आम्ही शहापूरच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली.

"फ्री काढालासा?" त्यांनी विचारलं. "मग उतारावर पाय कुठं ठेवणार ओ?"

पुतण्याने तत्त्वज्ञान सांगितलं: रस्त्याशी थेट नातं, यंत्राशी एकरूपता वगैरे. मिस्त्रींनी सगळं ऐकलं.

"मग वेल्डिंग मारून देतो की. फ्रीलाच चार टाके मारले की फिक्स. कशाला एवढं!"

पुतण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि मिस्त्री चेष्टा करत नव्हते.

दात्यांचा हिशेब हा यातला एकमेव भाग ज्यात मला गोडी लागली, कारण तो सहावीच्या पुस्तकातला आहे. फिक्सीवाले ब्रेक न लावता पाय आवळून मागचं चाक घसरवतात आणि थांबतात. याला ते स्किड म्हणतात. पाय दर वेळी एकाच ठेवणीत आवळले जातात, म्हणून टायर ठरावीक जागीच घासतं. किती जागी, हे मसाविवर ठरतं. पुढे ४८ आणि मागे १६ दाते घेतले तर सोळाने अठ्ठेचाळिसाला पूर्ण भाग जातो, उत्तर तीन, आणि टायर दर वेळी एकाच ठिकाणी झिजतं. थोड्याच दिवसांत तिथं भोक. पुढे ४६ आणि मागे १७ घेतले तर सतरा मूळ संख्या, भाग जात नाही, आणि झीज सतरा जागी वाटली जाते. पुढे ४७ घेतले आणि स्किडला कधी डावा तर कधी उजवा पाय पुढे ठेवला, तर चौतीस जागी. आमच्या गणिताच्या मास्तरांनी मसावि का शिकवला, ते इतक्या वर्षांनी कळलं. त्यांनी तेव्हाच टायरचं सांगितलं असतं तर वर्गातली निम्मी मुलं पास झाली असती.

बगळ्यांच्या चेनव्हीलला दाते ४६. मागे १७ घ्यायचं ठरलं. ४६ भागिले १७ गुणिले चाकाचे २८ इंच, म्हणजे सुमारे ७६. हे ७६ इंच कसले? तर पुढे मोठं आणि मागे चिमुकलं चाक असलेल्या जुन्या उंच सायकलीचं चाक ७६ इंचांचं असतं तर ती एका फेऱ्यात जेवढी गेली असती, तेवढी ही जाते. ते उंच चाक पेलायला माणसाचे पाय ताडाएवढे लागले असते. चेन आली आणि टिळकवाडीच्या उंचीच्या माणसालाही ते परवडलं. ताशी ४० किलोमीटरला या दात्यांवर पाय मिनिटाला सुमारे ११० वेळा फिरतात. आंबोलीच्या घाटात काय होईल ते वाचकांनी स्वतः ताडावं. पुतण्याला मी ते ताडायला लावलं आणि तो गप्प झाला.

आता हँडल. यात पुतण्याने जितकी रात्र जागवली तितकी बारावीलाही जागवली नव्हती. खाली वळलेलं ड्रॉप, थोडं वर उचललेलं रायझर, सरळ दांडा आणि पुढे वळून थांबलेलं बुलहॉर्न. ड्रॉप हँडल उलटं करून त्याचे कान कापले की घरगुती बुलहॉर्न होतं, हीही एक मान्यताप्राप्त कला आहे. मग मापं. हँडल जिथं मधोमध पकडीत बसतं तिथली जाडी २५.४, २६.० किंवा ३१.८ मिलिमीटर. २६ च्या पकडीत २५.४चं हँडल घातलं तर ०.६चा फरक पडतो, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.३. काही बहाद्दर थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून तीन पदर घालतात. ज्या वस्तूवर सगळा तोल आहे तिथं असं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ३१.८च्या पकडीत २५.४चं हँडल बसवायला ३.२ मिलिमीटर जाडीची शिम लागते. तीसुद्धा टिळकवाडीपासून हाकेच्या अंतरावरच्या उद्यमबागेत मिळते. हायड्रॉलिक व्हॉल्व्ह आणि क्रँकशाफ्टवर हात बसलेले कारागीर तिथं आहेत. पुतण्या तिथल्या एका लेथवाल्याकडे गेला. त्याने आधी ड्रॉइंग मागितलं, मग टॉलरन्स विचारला, मग किती नग ते विचारलं. एकच नग, हे ऐकल्यावर त्याने पुतण्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मायक्रोनमध्ये मोजता आली असती.

शिम आली. बुलहॉर्नही आलं. पुतण्याने ते पडवीत धरून दाखवलं. वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "पिशवी कुठं अडकवायची?"

जगातल्या एकाही हँडल बनवणाऱ्याने हा प्रश्न विचारात घेतलेला नाही. बेळगावात हँडलची परीक्षा एकच: शनिवारी बाजारातून येताना उजवीकडे कोथिंबीर-मेथीची पिशवी, डावीकडे बटाटे, आणि तरी वळता आलं पाहिजे. ड्रॉप हँडलला पिशवी अडकवली की ती तारांत जाते. सरळ दांड्यावर घसरून मुठीवर येते. बुलहॉर्नला पिशवी उत्तम अडकते, पण पुढे टोकाला, आणि बटाट्यांसकट चाक ज्या बाजूला ओढेल तिकडे जावं लागतं. रॅलेचं मूळ हँडल मागे वळलेलं, रुंद, दोन्हीकडे पिशवीला कोपरा असलेलं. नॉटिंगहॅमच्या लोकांनी आमचा भाजीबाजार पाहिला नसणार, पण त्यांच्याकडेही वहिनी असणारच.

जपानमध्ये १९४८पासून केरीन नावाच्या सायकल शर्यती होतात. लोक त्यांवर पैसे लावतात. त्या शर्यतींत वापरायच्या प्रत्येक भागावर मंजुरीचा शिक्का लागतो, आणि जगभरचे फिक्सीवाले त्या शिक्क्यासाठी जीव टाकतात. आमच्या घरात शिक्का मारायचा अधिकार वहिनींकडे आहे. बुलहॉर्न नामंजूर झालं. सध्या त्यावर रेनकोट वाळतात, आणि पावसाळ्यात बेळगावात त्याचा उपयोग चांगला होतो.

मिस्त्रींनी काय केलं ते सांगतो. जुना हब, जुन्या चाळीस तारा, जुनं बगळ्यांचं चेनव्हील, कॉटर पिना फक्त नव्या. फ्री काढून सतराचा दाता, आणि त्यावर पोटातल्या वाटीला असते तशी चोवीस आट्यांची लॉकरिंग, पकड्याने आवळून. तिचे आटे सुलटच, म्हणून ही रिंग खऱ्या ट्रॅकच्या रिंगेएवढी भरवशाची नाही आणि हे मिस्त्रींनी स्वतःच सांगितलं: "पाय मागं रेटून थांबवायचं न्हाई. थांबायला ब्रेक हायत." पुढचा आणि मागचा दोन्ही रॉड ब्रेक राहिले. रॉड हँडलखालीच जोडलेले, म्हणून हँडलही तेच राहिलं. स्किड बंद, म्हणून सतरा जागांचा आणि चौतीस जागांचा तो देखणा हिशेब वाया गेला. पडवीत रात्र रात्र जी खरेदी झाली तिच्यातला एक दाता आणि एक रिंग सायकलवर आहे, बाकीचं खोक्यात.

सायकल मात्र छान चालते. चेनचा आवाज नाही, टिकटिक नाही. गोगटे सर्कलकडून येताना चढावर पायडल स्वतःच पाय उचलून देतं, हे मी बसून बघितलं आहे. पँटला क्लिप मात्र लावावीच लागते. या सायकलच्या चेनमध्ये कापड सापडलं तर पायडल थांबून वाट बघत नाही.

ज्यांना ही हौस आहे त्यांना एवढंच सांगणं, की आधी मागचा हब बघा, मग त्याला जुळेल ते बाकी सगळं. हँडल सगळ्यांत शेवटी आणि घरात विचारून. बिनब्रेकची चालवायची असेल तर बालेवाडी आहे. तिथं रिक्षा नाहीत, म्हशी नाहीत आणि टिळकवाडीसारखं दुसरं रेल्वे गेट अचानक बंद होत नाही. इंग्लंडच्या १९८३च्या नियमांत फिक्सीचं मागचं चाक हाच मागचा ब्रेक धरतात, पण पुढचा वेगळा ब्रेक तिथंही सक्तीचा आहे. आपल्याकडे खडी जास्त आणि पाऊस त्याहून जास्त. पुढचा ब्रेक लावा आणि मग काय ती फिक्सी चालवा.